आप्त कोण? रेकी, भगत आणि विश्वासार्हतेचा प्रश्न

आजार बरा करतो असे सांगणाऱ्या माणसावर विश्वास कशाच्या आधारावर ठेवावा, हा भारतीय परंपरेत मुळात प्रमाणशास्त्राचा, म्हणजे ज्ञान खरे कसे ठरते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा, प्रश्न आहे. रेकीच्या बाबतीत तो विशेष अवघड होतो, कारण रेकी देणारा साधक स्वतःला वैद्य म्हणवत नाही, पुरोहितही म्हणवत नाही, आणि तरीही आजारी माणसाच्या अंगावर हात ठेवून त्याला काहीतरी देत असल्याचे सांगतो. हे ‘काहीतरी’ नेमके काय आहे आणि ते लोकांपुढे कोणत्या शब्दांत मांडावे, यावर या साधनेचा प्रामाणिकपणा अवलंबून आहे.

रायगड जिल्ह्याच्या आतल्या भागात, कर्जत तालुक्यात नेरळहून कळंबकडे जाणाऱ्या वाटेवर पोशीर हे गाव आहे, आणि त्याच नावाची नदी पुढे उल्हास नदीला मिळते. या परिसरात वरील प्रश्न पुस्तकी राहत नाही. एकीकडे ठाकूर आणि कातकरी वाड्यांमध्ये भगताची परंपरा आहे. अंगारा लावणे, उतारा टाकणे, दोरा बांधणे, कावीळ उतरवणे हे तिचे जुने व्यवहार आहेत. दुसरीकडे गेल्या काही दशकांत कर्जत, नेरळ आणि खालापूरच्या बाजूला उभ्या राहिलेल्या फार्महाऊस आणि रिसॉर्टमधून शहरातील मंडळी ध्यान, योग आणि ‘हीलिंग’ची शिबिरे भरवतात, ज्यांत रेकीलाही जागा मिळते. भगत कडुलिंबाच्या डहाळीने डोक्यापासून पायापर्यंत झाडतो आणि डहाळी बाहेर झटकतो. रेकीचे अनेक शिक्षक शरीराभोवतीचे ‘ऑरा’ नावाचे तेजोवलय स्वच्छ करण्यासाठी हात डोक्यापासून पायापर्यंत फिरवून तसाच झटकतात. वाडीवरून अशा शिबिराच्या स्वयंपाकघरात कामाला जाणाऱ्या स्त्रीला या दोन क्रियांत फारसा फरक दिसण्याचे कारण नाही, आणि तत्त्वतः पाहिले तर तिचे निरीक्षण बरोबर आहे. भगताला अंधश्रद्ध ठरवून स्वतःला मात्र ‘एनर्जी हीलर’ म्हणवून घेणाऱ्या शहरी साधकाला हा फरक सिद्ध करावा लागेल; इंग्रजी नाव, प्रमाणपत्र आणि पांढरे कपडे एवढ्याने तो सिद्ध होत नाही.

दोघांना एकच माप लावायचे तर ते वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरील भाष्यात देऊन ठेवले आहे. ज्याचे वचन प्रमाण मानावे त्याला न्यायदर्शन ‘आप्त’ म्हणते. वात्स्यायनाच्या मते ज्याने विषय स्वतः साक्षात जाणला आहे आणि जो तो जसा पाहिला तसाच दुसऱ्याला कळावा या इच्छेने बोलतो, तो आप्त; आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते. या शेवटच्या पुस्तीचे मोल फार मोठे आहे, कारण तिच्यामुळे विश्वासार्हता जन्म, वेष आणि पदवी यांच्यापासून सुटी होते आणि केवळ दोन गोष्टींवर येऊन उभी राहते: प्रत्यक्ष काय जाणले, आणि जाणले तेवढेच सांगितले की नाही. कातकरी भगत, सरकारी दवाखान्यातील डॉक्टर आणि रेकीचा शिक्षक हे तिघेही या कसोटीपुढे एका रांगेत येतात.

रेकीने ही कसोटी प्रथम स्वतःच्या इतिहासाला लावायला हवी. तिचे प्रवर्तक मिकाओ उसुई यांचा जन्म १८६५ मध्ये जपानच्या गिफू प्रांतातील तानिआई या गावी झाला. क्योटोजवळील कुरामा पर्वतावर केलेल्या उपवास आणि ध्यानानंतर त्यांना ही पद्धत गवसली असे त्यांचे शिष्य सांगत, आणि १९२२ मध्ये त्यांनी टोकियोत तिची संस्था स्थापन केली. १९२३ च्या सप्टेंबरमध्ये झालेल्या भीषण भूकंपातील पीडितांवर त्यांनी उपचार केल्याचा उल्लेख त्यांच्या स्मारकशिलेवर आहे. १९२६ मध्ये ते वारले. त्यांचे शिष्य, निवृत्त नौदल अधिकारी चुजिरो हायाशी यांच्याकडून ही पद्धत हवाई बेटांवरील जपानी वंशाच्या हावायो ताकाता शिकल्या आणि त्यांच्यामार्फत ती अमेरिकेत गेली. तेथे मात्र उसुई हे ख्रिस्ती धर्मोपदेशक होते, क्योटोच्या दोशिशा विद्यापीठाचे प्रमुख होते, शिकागो विद्यापीठात शिकले होते, अशी कथा रूढ झाली. दोन्ही विद्यापीठांच्या दप्तरांत या कथेला कोणताही आधार सापडला नाही. युद्धोत्तर अमेरिकेत जपानी साधना स्वीकारली जावी म्हणून ही कथा घडली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. हेतू समजण्याजोगा आहे, पण परिणाम असा झाला की लोकांना उपचारात सत्यनिष्ठा शिकवणाऱ्या परंपरेच्या उगमाशीच एक असत्य येऊन बसले आणि ते पुस्तकांतून, १९९० च्या दशकात मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात रेकी पसरली तेव्हा मराठी वर्गांतूनही, जसेच्या तसे सांगितले गेले. सात चक्रांची मांडणी, रत्ने आणि स्फटिक यांची जोडही पाश्चात्त्य देशांतील नंतरची आहे. ही जोड देण्यात गैर काही नाही. ती हजारो वर्षांची प्राचीन भारतीय किंवा तिबेटी विद्या म्हणून खपवण्यात आहे. शंभर वर्षांची साधनाही आदरणीय असू शकते, तिला खोटे वय देण्याची गरज नाही.

यानंतर येतो तो ऊर्जेचा दावा. रेकीच्या पहिल्या पायरीत गुरू शिष्याला दीक्षा देतो, तिला वर्गांत ‘अॅट्यूनमेंट’ म्हणतात. त्यानंतर शिष्य विश्वातील प्राणशक्तीचा ‘चॅनेल’, म्हणजे वाहक, होतो आणि ती हातांतून रुग्णाकडे वाहते असे मानले जाते. उपनिषदांतील प्राण ही संकल्पना गंभीर आहे. तैत्तिरीयातील प्राणमय कोश हा आत्म्याकडे जाणाऱ्या विचाराचा एक टप्पा आहे. भौतिकशास्त्रातील ऊर्जा ही मोजता येणारी राशी आहे आणि तिचे एकक ज्यूल आहे. या दोन संकल्पना एकच आहेत असे ज्या क्षणी साधक म्हणतो, त्या क्षणी त्याने तत्त्वज्ञानाचे अंगण सोडून प्रयोगशाळेच्या उंबऱ्यात पाय ठेवलेला असतो, आणि तेथील नियम त्याला पाळावे लागतात.

तेथे काय घडते याचे एक उदाहरण पुरेसे बोलके आहे. अमेरिकेतील परिचारिकांमध्ये हात शरीरापासून काही सेंटिमीटर वर धरून रुग्णाचे ऊर्जाक्षेत्र जाणण्याची, रेकीशी नाते असलेली एक पद्धत प्रचलित होती. एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी या पद्धतीची साधी परीक्षा घेतली: साधकाने पडद्याला पाडलेल्या दोन छिद्रांतून दोन्ही तळवे वर करून पुढे ठेवायचे, पडद्यापलीकडे तिने नाणे उडवून ठरलेल्या एका तळव्यावर आपला हात धरायचा, आणि तो कोणत्या बाजूला आहे हे साधकाने सांगायचे. २१ साधकांच्या २८० प्रयत्नांपैकी १२३ बरोबर आले, म्हणजे ४४ टक्के. निव्वळ अंदाजाने निम्मे बरोबर यायला हवे होते. हा अभ्यास १९९८ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. या प्रयोगाने रुग्णाला आराम मिळतो की नाही याची परीक्षा घेतली नाही, हे रेकीसाधकांचे म्हणणे योग्य आहे. पण हाताला ऊर्जा जाणवते हा साक्षात अनुभवाचा दावा त्याने तपासला, आणि तो टिकला नाही.

आरामाची परीक्षा वेगळ्या अभ्यासांनी घेतली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात केमोथेरपी घेणाऱ्या १८९ रुग्णांचे तीन गट करण्यात आले: एकाला रेकी, दुसऱ्याला रेकीची दीक्षा नसलेल्या व्यक्तीने तसेच हात ठेवून केलेली नकली रेकी, तिसऱ्याला नेहमीची शुश्रूषा. रेकीच्या गटाला अधिक स्वस्थ वाटले, आणि नकली रेकीच्या गटालाही तसेच वाटले. अभ्यासकांच्या मते परिणाम घडवला तो रुग्णाजवळ एकट्यासाठी बसलेल्या माणसाच्या उपस्थितीने. रेकीच्या विरोधकांनी हा निष्कर्ष तिचा पराभव म्हणून वापरला, पण त्यात तिच्या सर्वांत सबळ बाजूची ओळखही आहे. अर्धा-पाऊण तास एक माणूस घाई न करता, मोबाइल बाजूला ठेवून, भीतीने आखडलेल्या शरीरावर शांतपणे हात ठेवून बसतो, ही गोष्ट बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत मिळत नाही, आणि ती मिळाल्याने रुग्णाला धीर येतो हे सांगायला कोणत्याही अदृश्य शक्तीचा आधार घ्यावा लागत नाही. साधकाने साक्षात जाणलेले आहे ते एवढेच, आणि ते थोडे नाही.

धीर येणे आणि रोग हटणे यांची गल्लत कशी होते हे कर्जत-खालापूरच्या लोकांना कावीळ उतरवण्याच्या विधीतून चांगले ठाऊक आहे. रुग्णाचे हात चुन्याच्या निवळीत धुतले की पाणी पिवळे होते आणि कावीळ उतरली असे दाखवले जाते. आधी हाताला आंब्याच्या सालीचा रस लावला असेल तर हे पिवळेपण निरोगी माणसाच्या हातातूनही निघते, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव करून दाखवले आहे. तरीही अनेक रुग्ण त्यानंतर खरोखरच बरे होतात, कारण दूषित पाण्यातून होणारी ‘अ’ प्रकारची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप ओसरते. भगत खोटे बोलत असेलच असे नाही. त्याने रुग्ण बरा झालेला डोळ्यांनी पाहिला आहे. त्याने पाहिला नाही तो विधी न करता बरा झालेला रुग्ण, आणि गरोदरपणात ‘ई’ प्रकारची कावीळ होऊन दगावलेली बाई त्याच्या हिशेबात येत नाही. डोकेदुखी, पाठदुखी, झोप न येणे, परीक्षेची धास्ती अशा चढ-उतार असलेल्या तक्रारींवर रेकी देणारा साधक नेमक्या याच ठिकाणी उभा असतो. माणूस दुखणे टिपेला गेल्यावर मदतीला येतो आणि त्यानंतर ते बहुधा उतरतेच. साधक अप्रामाणिक नसूनही त्याचे अनुमान चुकते, म्हणून प्रामाणिकपणाइतकीच पद्धतीचीही गरज असते.

अशी पद्धत काय करू शकते याचे उदाहरण रायगड जिल्ह्यातच आहे. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये रुजू झालेल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांच्यापुढे कोकणातील लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण येत, अनेकदा मांत्रिकाकडे वेळ गेल्यावर. त्या काळी गंभीर दंशातील मृत्यूंचे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास होते. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून रात्रभर नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या, मृत्यू फुप्फुसांत पाणी साचून होतो हे ओळखले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध वापरून ते प्रमाण १ टक्क्यापर्यंत खाली आणले. त्यांची निरीक्षणे लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. रेकीच्या दृष्टीने याहून शिकण्यासारखी गोष्ट २०११ ची आहे: ज्या प्राझोसिनने त्यांना नाव दिले, त्याचीच त्यांनी ७० रुग्णांवर तुलना केली आणि केवळ प्राझोसिनपेक्षा त्याच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर सावरतो हा निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्वतः प्रसिद्ध केला. वात्स्यायनाचा आप्त तो हाच. त्याने जसे पाहिले तसे सांगितले, आपल्याच उपायाची मर्यादा दाखवणारे असले तरी सांगितले.

अध्यात्माच्या क्षेत्रातही ही शिस्त परकी नाही. खालापूरचा घाट चढून गेल्यावर लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधामची स्थापना केली, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले, आणि नौली व उड्डियान या क्रियांचा क्ष-किरण व दाबमापक यांच्या साहाय्याने अभ्यास केला. योगावरील त्यांची श्रद्धा त्यामुळे कमी झाली नाही.

यावर रेकीसाधकांकडून एक उत्तर नेहमी येते: हा श्रद्धेचा विषय आहे, त्याला प्रयोगाचे नियम लावू नयेत. हे उत्तर मान्य करता येते, पण मग ते शेवटपर्यंत पाळावे लागते. श्रद्धेची साधना असेल तर तिने मधुमेह, थायरॉइड आणि गाठी यांची नावे घेऊ नयेत; उपचार असेल तर तिने परीक्षेला नकार देऊ नये. जाहिरातीत शास्त्र आणि आक्षेप आला की श्रद्धा, असा दुहेरी आसरा घेणे हा या क्षेत्रातील सर्वांत मोठा दोष आहे. २००९ मध्ये अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी रेकीवर काढलेल्या मार्गदर्शिकेत तिला ना वैज्ञानिक आधार आहे ना ख्रिस्ती श्रद्धेत स्थान, असे ठरवले. त्यांचा धर्मविषयक निर्णय मराठी वाचकाला बंधनकारक नाही, पण दोन प्रश्न वेगळे करून विचारण्याची त्यांची रीत बरोबर होती. पतंजलींनीही योगातून येणाऱ्या सिद्धींना समाधीच्या मार्गातील उपसर्ग, म्हणजे अडथळे, म्हटले आहे. मग साधनेची महती सिद्धीच्या यादीने पटवून देणे हे योगपरंपरेच्याच विरुद्ध जाते. उसुई यांच्या मूळ शिकवणीत आजच्या दिवसापुरते रागावू नये, काळजी करू नये, कृतज्ञ असावे, मनापासून काम करावे, सर्वांशी दयेने वागावे, असे पाच नियम आहेत. रेकीचा हा नीतीचा भाग वर्गांत दहा मिनिटांत उरकला जातो आणि हात ठेवण्याच्या जागांना दोन दिवस दिले जातात, ही उतरंड उलटी व्हायला हवी.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येईल. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय याबाबतच्या केंद्रीय कायद्याने तावीज, मंत्र, कवच किंवा तत्सम चमत्कारी उपायांनी कर्करोग, मधुमेह, अपस्मार, पक्षाघात अशा अनुसूचीतील रोगांवर गुण येतो अशी जाहिरात करण्यास बंदी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर अवघ्या चार दिवसांत महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी त्याचा कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्र-तंत्र करणे हा त्यात गुन्हा ठरवला आहे. रेकी ही देशातील मान्यताप्राप्त वैद्यकपद्धतींपैकी नाही, त्यामुळे केवळ रेकीच्या प्रमाणपत्रावर नावामागे ‘डॉक्टर’ लावता येत नाही. पण कायदा ही जबाबदारीची सर्वांत खालची रेषा आहे, आणि पोशीरसारख्या ठिकाणी खरी जबाबदारी तासांत मोजावी लागते.

मण्यार या सापाचे उदाहरण घ्यावे. भातलावणीच्या दिवसांत जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावतो. दंशाची जागा फारशी दुखत नाही, सूजही येत नाही, पहाटे पोटात कळा येतात, मग पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि अखेर श्वासाचे स्नायू काम सोडतात. या सगळ्याला काही तास लागतात, आणि प्रतिविष व कृत्रिम श्वासासाठी रुग्णालय गाठायचे ते याच तासांत. कशेळ्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय गाठण्याऐवजी त्यातला एक तास झाडण्यात गेला किंवा ‘रेकी देऊन स्थिर करण्यात’ गेला, तर दोन्हींचा परिणाम एकच. अचानक आलेला ताप, छातीतील कळ, पावसाळ्यात शेतात राबणाऱ्याचे अंग दुखून डोळे लाल होणे, जे लेप्टोस्पायरोसिसचे लक्षण असू शकते, आठवडेच्या आठवडे न जाणारा खोकला, या सर्वांत साधकाचे पहिले काम रुग्णाला गाडीत बसवणे हे आहे. वाटेत हात धरून बसावे. त्याला कोणाची हरकत नाही.

संमतीचाही प्रश्न येथे शहरापेक्षा अधिक नाजूक आहे. वाडीवरील स्त्री साहेब-बाईंना सहसा ‘नको’ म्हणत नाही, त्यामुळे तिचे गप्प राहणे ही संमती समजता येत नाही; हात कोठे ठेवणार हे आधी सांगणे, घरचे माणूस जवळ बसू देणे, आणि स्पर्श नको असल्यास तसे म्हणण्याची खरी मुभा देणे हे साधकाचे कर्तव्य आहे. दुसऱ्या पायरीवर शिकवली जाणारी दूरस्थ रेकी, म्हणजे फोटो समोर ठेवून दुसऱ्या गावच्या माणसाला पाठवलेली रेकी, ही आशयाने प्रार्थना आहे; ती तशीच सांगावी आणि तिचे दरपत्रक काढू नये. ताकाता यांनी मास्टरपदासाठी १०,००० डॉलर घेण्याची प्रथा पाडली होती, आणि मोठी रक्कम मोजल्याशिवाय माणसाला विद्येची किंमत कळत नाही हे तिचे समर्थन आजही ऐकू येते. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबापुढे ते समर्थन उभे राहू शकत नाही. वेळेचा मोबदला घेणे रास्त आहे. बरे होण्याच्या आशेवर वाढत जाणारी फी घेणे, एकवीस दिवस झाले की आणखी एकवीस दिवस लावणे, हे रास्त नाही.

या परिसरात रेकी देणाऱ्याने दारावर लावायची पाटी त्यामुळे अगदी साधी असू शकते: येथे शांत बसून हात ठेवले जातात, त्याने काहींना स्वस्थ वाटते, हा रोगावरचा इलाज नाही, चालू असलेली औषधे आणि गोळ्या बंद करू नयेत. आत एक नोंदवही असावी. तीत माणूस कोणती तक्रार घेऊन आला, त्याचे वैद्यकीय उपचार चालू आहेत का, बसण्याआधी आणि नंतर त्याने स्वतःच्या शब्दांत काय सांगितले, महिन्याने विचारपूस केल्यावर काय कळले, हे लिहावे. ज्यांना काहीच फरक पडला नाही आणि जे परत आले नाहीत त्यांच्या नोंदी विशेष काळजीने ठेवाव्यात, कारण भगताच्या हिशेबातून निसटतात ते हेच. वाडीवरच्या आशा सेविकेला ती वही हवी तेव्हा, रुग्णाची परवानगी घेऊन, पाहू द्यावी. अशा वहीतून दोन-तीन वर्षांनी विश्वशक्ती आहे की नाही हे ठरणार नाही, कारण तुलनेसाठी दुसरा गट तीत नसेल. किती माणसे कोणत्या दुखण्यासाठी आली, किती जणांना त्याच दिवशी कशेळ्याला किंवा कर्जतला पाठवले, आणि किती जण पाठवायला हवे असूनही पाठवले गेले नाहीत, एवढे मात्र तीत वाचता येईल.